सल्ला देईल त्याने कप विसळावेत

मोठ्या सिस्टरांनी सगळी नोकरी प्रसूतीचा वॉर्ड चालवण्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर अख्खी गल्ली चालवायला घेतली. कुणाला सर्दी झाली की काढा, कुणाची सून रुसली की तोडगा, सगळं जिभेवर तयार. लोका सांगे ब्रह्मज्ञान. घरी मात्र पोटची लेकच त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती.

लेकीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "होतं असं. पुढच्या वेळी नीट होईल." वॉर्डात हेच वाक्य त्यांनी कितीतरी जणींना ऐकवलं होतं. लेकीने जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. फोनवर "जेवलीस का?" "जेवले." संपलं. एकुलती एक लेक अशी जिवंतपणी हातची जाणार, या धास्तीने सिस्टरांची झोप उडाली.

दवाखान्याच्या माडीवर दर गुरुवारी दुःखातली माणसं जमत. सिस्टर तिथे गेल्या त्या अर्थातच इतरांना मदत करायला. तिथला नियम साधा होता: एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि जो सल्ला देईल त्याने शेवटी सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. सुरुवातीचे कित्येक गुरुवार मोरीकडे दुसऱ्या कुणाला फिरकावंच लागलं नाही.

मग एकदा घड्याळं दुरुस्त करणारे काका बोलले. "बायको गेली तेव्हा सगळे म्हणाले, अजून वय काय आहे तुमचं, दुसरं लग्न करा. त्यानंतर मी कुणापाशी तिचं नावच काढलं नाही."

सिस्टरांचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना आपलं पहिलं बाळ आठवलं, लेकीच्या आधीचं, जन्मताच गेलेलं. तेव्हा त्यांनाही कुणीतरी म्हणालं होतं, पुढच्या वेळी नीट होईल. त्या डोळे पुसून ड्यूटीवर हजर झाल्या होत्या. आज काकांचं ऐकता ऐकता त्या पोटभर रडल्या आणि जिने उतरताना त्यांना खरंच बरं वाटलं.

तिथून त्या थेट लेकीकडे गेल्या. लेक भाजी निवडत होती.

"काय काम काढलंस?"

"काही नाही गं. तुझ्या बाळाबद्दल मी तुला कधी काही विचारलंच नाही."

लेकीने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "केस खूप होते त्याला."

आठव्या महिन्यात असतातच, हे सिस्टरांना पाठ होतं.

"कसे होते?" त्यांनी विचारलं.