बस्त्यावच्या हँडलवरचे ठिपके

फिलूचा फोन आला तेव्हा मी पूनम सागरमधल्या एका इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उभा होतो. दोन्ही हातांना ग्रीस, आणि वरून वॉचमनची कटकट चालूच, "साब, और कितना टाइम?" कसाबसा फोन कानाला लावला. "भाऊ, सकाळी गेले ते..." एवढंच ती म्हणाली. "बरं, येतो," मी म्हणालो. लिफ्ट बंद पडल्याची तक्रार आली की म्हणतो, अगदी तसंच. फोन ठेवल्यावर हातातला पाना कुठे ठेवायचा ते सुचेना. फिलूचा नवरा बस्त्याव, माझा एकवीस वर्षांपासूनचा मित्र, गेला होता, आणि मी तिला धड चार शब्दही बोललो नव्हतो.

बस्त्याव भाईंदरजवळच्या, समुद्रकाठच्या पालीचा. घरातले सगळे होडीवर जाणारे, हा एकटाच मोटारसायकलींच्या नादी लागला. गल्ली एवढी अरुंद की समोरून स्कूटर आली तर एकाने भिंतीला चिकटावं. त्या गल्लीत घराला लागून त्याची पत्र्याची शेड. इंजिनाची कामं तो करायचा, पण त्याचं नाव झालं ते वेगळ्याच कामासाठी. शिंपी माप घेऊन सदरा बेततो, तशी हा गाडी माणसाच्या मापाची करून द्यायचा. लिफ्ट दुरुस्तीसाठी मी दिवसभर सोसायट्या हिंडायचो, संध्याकाळी कंबर आणि मनगट धरून बसायचो. बायको म्हणायची, गाडी विक नाहीतर मलम लावायला माणूस ठेव. कोणीतरी पालीचा पत्ता दिला आणि मी गेलो. गेल्या गेल्या तोंडाची टकळी सुरू केली: हँडल उंच कर, फूटरेस्ट पुढे घे. त्याने हात वर केला. "बस आधी," म्हणाला. "डोळे मिट."

मेन स्टँडवर लावलेल्या गाडीवर मला डोळे मिटून बसवलं आणि हा पठ्ठ्या माझ्याशी बोंबील वाळवण्याबद्दल बोलत बसला. दहा मिनिटं! मला वाटलं, वेडाच आहे. बोलता बोलता तो माझे पाय आपोआप कुठे जातायत, बोटं लिव्हरवर कशी पडतायत ते बघत होता. मग फूटरेस्ट दोन बोटं मागे घेतले, क्लचचा लिव्हर जरा खाली वळवला, ब्रेकचं पेडल किंचित उतरवलं. सगळं झाल्यावर फिलूची लाल नेलपॉलिश आणून जिथे जिथे हात लावला तिथे एकेक ठिपका दिला. दुसऱ्या कोणी गाडी खोलली तर परत याच ठिपक्यावर आणायचं. वरसाव्याच्या पुलापर्यंत फेरी मारून आलो तेव्हा कंबर आहे की नाही तेच कळत नव्हतं. "मी सांगत होतो ते का नाही केलंस?" मी विचारलं. तो हसला. "माणसाला इचारलं तर तो ठीक हाय म्हनतो, न्हायतर कायपन सांगतो. हातपायांना न्हाय खोटं बोलता येत, लिफ्टवाल्या."

पुढे बहुतेक रविवार त्या शेडमध्ये गेले. फिलूचा चहा, तळलेली मांदेली, आणि बस्त्यावचं काम बघणं. बघता बघता शिकलो, आणि तिथेच घोळ झाला. वाकडं काही दिसलं की माझा हात शिवशिवतो, ही माझी जुनी खोड. आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या गाड्या मी न विचारता 'नीट' केल्या. बायको चारचौघांत सांगायची, हे लग्नाला गेले तरी आधी नवऱ्या मुलाच्या बुलेटचं पेडल बघतात. मी हसायचो आणि आतून फुशारायचो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो मी.

दोन वर्षांपूर्वी माझी गाडी त्याच्याकडे उघडून पडली होती म्हणून त्याने आपली दिली. गल्लीच्या बाहेर पडतो तोच मला अवघडल्यासारखं झालं. क्लचचा लिव्हर हँडलवर आत, मधल्या बाजूला सरकवलेला आणि खाली वळवलेला, ब्रेकचं पेडल पार जमिनीला टेकायच्या बेताला. मला हसूच आलं. साऱ्या गावाच्या गाड्या बसवणाऱ्याची स्वतःची ही दशा! म्हटलं, चला, त्याला चकित करू. पार्किंगमध्ये बसून दहाच्या पान्याने सगळं सोडवलं, बाहेरचा जुना लाल ठिपका शोधला आणि क्लच अगदी त्याच्यावर आणून कसला. त्याच्या आतल्या बाजूला आणखी दोन ठिपके दिसले होते. नेलपॉलिश सांडली असेल म्हणून सोडून दिले... दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत गाडी परत केली. "बघ, तुझी गाडी तुझ्या मापाची करून आणली." त्याने हँडलवरून अंगठा फिरवला. "बरा केलास," म्हणाला. मी विचारलं, "ठीक आहे ना?" "ठीक हाय."

त्यानंतर तो रविवारी टाळायला लागला. आज काम हाय, आज चर्चमध्ये मिसाला जायचंय. एकदा गेलो तर नीट बोलेना, हातातून पाना पडला तर माझ्यावरच खेकसला. मला वाटलं, गाडीला हात लावला म्हणून याने नाक मुरडलंय. मग मीही फुगून बसलो. शिष्याने गुरूच्या गाडीला हात लावला तर एवढं काय आभाळ कोसळलं, असं घरी बडबडत राहिलो. सात महिने पालीला फिरकलो नाही. सात महिने! भाईंदरहून तिथे जायला वेळ तो किती लागतो...

मग एका मच्छीवालीकडून कळलं की त्याला नसांचा आजार झालाय. हातापायांतली ताकद थोडी थोडी जाते, ती परत येत नाही. धावत गेलो. तो खाटेवर, उजवा पाय उशीवर, डावा हात चादरीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. तो हात बघितला आणि एका क्षणात मला तो लिव्हर आठवला. लिव्हर आत सरकवला की बोटं त्याच्या टोकाला पडतात, तिथे कमी जोर लागतो. पेडल खाली घेतलं की पाऊल उचलावं लागत नाही. हे सगळं त्यानेच मला शिकवलेलं. मी म्हणालो, "बस्त्याव, रागावलास ना माझ्यावर?" "तुज्यावर?" तो म्हणाला. "तू बरोबर सेट केलास. माजा हात चुकीचा हाय."

डॉक्टर म्हणाले होते की लवकर आला असता तरी फार फरक पडला नसता. हे सांगून लोक मला धीर देतात. पण माझी तक्रार औषधाची नाहीच. हा माणूस आपला हात जातोय हे महिनोनमहिने एकट्याने सोसत होता, बायकोलाही बोलला नव्हता. फक्त गाडीत ते दिसत होतं. ते ओळखू शकेल असा एकच माणूस त्याने तयार केला होता, आणि त्याच माणसाने ते पुसून टाकलं.

तो गेल्याला महिना झाला तेव्हाच्या मिसानंतर फिलूने गाडीची चावी माझ्या हातात दिली. "तुमीच चालवा." मग सहज म्हणाली, "तुमी गाडी परत देऊन गेलेले ना, त्याच संध्याकाळी पडले होते ते. चर्चच्या वळणावर. कुत्रा आडवा आला म्हनाले." मी मान हलवली. मला कळलं होतं, कुत्राबित्रा काही नव्हता. क्लच दाबला गेला नव्हता. घरी आणून हँडल पुसलं. माझ्या त्या शहाणपणाच्या ठिपक्यापासून आत पाच ठिपके होते, ओळीने, एकेका बोटाच्या अंतरावर. क्लच शेवटच्या ठिपक्यावर कसलेला होता. मला तो हलवायचा धीर झाला नाही. तसाच चालवतो. मनगट भरून येतं, येऊ दे.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा वाटलं, फिलूने ते पेपरात वाचण्याआधी माझ्या तोंडून ऐकायला हवं. गेल्या रविवारी त्याच गाडीवरून पालीला गेलो. शेडच्या दारात उभा राहून सगळं सांगितलं: पाना, ठिपका, कुत्रा नव्हता ते. बोलता बोलता रडलो. ती ऐकत राहिली. मग तिने गाडीकडे बघून विचारलं, "तुमाला बसली का ही नीट?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

ती माझ्या हातांकडे बघत होती. मी उजव्या हाताने डावं मनगट चोळत होतो, माझं मलाच कळलं नव्हतं. ती आत गेली. परत आली ती दहाचा पाना आणि नेलपॉलिशची सुकत आलेली बाटली घेऊन. दोन्ही माझ्यासमोर धरली. मी हात पुढे केला तर तिने पाना मागे घेतला.

"बस आधी," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच एकेरीत. "डोळे मिट."

मी गाडीवर बसलो आणि डोळे मिटले.