उताराचा क्लब

परवा भालकीला एका लग्नात आमच्या ह्यांनी भर पंगतीत पुन्हा तो विषय काढला. "आम्ही बीदरहून चालत जायचो बघा, मे महिन्यात! आताच्या पोरांना कोपऱ्यावरून काडीपेटी आणायला लूना लागते." समोर बसलेली पोरं आदरानं माना डोलवायलीत, आणि मी बायकांच्या पंगतीत हातातला बुंदीचा लाडू असा फोडला की दाणे शेजारणीच्या नव्या साडीवर. ती बिचारी म्हणाली, "राहू द्या हो, होतं असं." होत नाही. मी ते मुद्दाम केलं नाही एवढंच.

डॉक्टरांनी मला चिडायचं नाही म्हणून सांगितलंय. गोळी घेते, मीठ कमी खाते, सून होऊन आल्यावर जेवढी गरीब होते त्याहून गरीब झालेय. पण ह्या क्लबाचं नाव निघालं की गोळीचा उपयोग होत नाही. तेव्हा ही हकीकत मी चिडूनच सांगणार आहे.

बीदरला आमच्या लग्नाच्या सुमाराला काही मास्तर, कचेरीतले कारकून आणि एक-दोन बँकवाले यांनी मिळून पायी भटकायचा क्लब काढला होता. अध्यक्ष हेडमास्तर. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर साहेबी टोपी. आमचे हे सेक्रेटरी. प्रत्येकाकडे खाली पितळी टोपण बसवलेली काठी. उन्हाळ्याची सुट्टी लागली की दर रविवारी सहल, आणि सुट्टी संपताना सहकुटुंब स्नेहसंमेलन. संमेलनात हेडमास्तर 'श्रम आणि निसर्ग' यावर बोलायचे, आणि नंतर आम्हा बायकांसाठी लिंबू-चमच्याची शर्यत. क्लबात आम्हाला चालायची परवानगी होती ती एवढीच, तोंडात चमचा धरून.

आता बीदर आहे पठारावर. कुठल्याही दिशेनं निघा, थोडं सपाट गेलं की कडा येतो आणि पुढं नुसता उतार. क्लबाच्या सहली त्या उतारानं जायच्या. गार वाऱ्यात, पहाटे, शीळ घालत. पठाराखाली मांजरा नदीच्या वाटेवर एक आमराई होती, तिथं मुक्काम. परत यायचा चढ मात्र कुणी चालत नसे. तसा नियम कुणी लिहिला नव्हता. पण जेवण झालं, आंबे चोखून झाले की सगळे आधी वर कड्याकडं बघायचे आणि मग टेंपोकडं.

टेंपो आमचा होता. म्हणजे बायकांचा, पातेल्यांचा आणि पिठाच्या डब्याचा. पहाटे पुरुष मंडळी निघाली की आम्ही टेंपोतून पुढं जायचं, तीन दगड मांडायचे, धपाटे लावायचे, आमरस काढायचा. वीर येताना दिसले की पिठाचे हात घेऊन वाटेच्या कडेला उभं राहायचं आणि टाळ्या वाजवायच्या. खरंच वाजवायचो. हेडमास्तर टोपी काढून स्वीकार करायचे. जेवणं झाली की टेंपो पहिल्या खेपेला पुरुषांना घेऊन वर जाणार, कारण ते चालून दमलेत. मग आम्ही भांडी घासायची, आणि दुसऱ्या खेपेला भांड्यांबरोबर आम्ही.

माझं माहेर औरादकडचं. वडिलांची मेंढरं होती. मी शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर मेंढरांमागं चाललेली पोर. दुष्काळात आम्ही चाऱ्यासाठी दोन तालुके पालथे घातले, अनवाणी. त्याला कुणी सहल म्हटलं नाही. वडिलांच्या हातातही काठी होती, तिला पितळी टोपण नव्हतं. लग्न करून बीदरला आले तर चालणं हा शिकलेल्या पुरुषांचा छंद निघाला, आणि मला सांगण्यात आलं की वहिनी, तुम्हाला झेपायचं नाही.

मी एकदा ह्यांना म्हटलं होतं, "मी पण चालत येते की."

"आणि धपाटे?"

धपाट्यांना पाय नसतात हे खरंच आहे.

तर, त्या रविवारची गोष्ट. लेक माझी काही महिन्यांची, अंगावर पिणारी. वरचं दूध तोंडात घेत नव्हती. चमच्यानं घातलं तर थुंकायची. मी म्हटलं, या वेळी मी येत नाही. हे म्हणाले, "सेक्रेटरीचीच बायको न्हाई आली तर कसं दिसंल?" सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, "जा तू. पण पोरीला उन्हात नेऊ देणार न्हाई मी. दुपारच्या आत ये म्हणजे झालं." मी पहाटे पोरीला पोटभर पाजलं आणि गेले.

त्या दिवशी मी धपाटे थापत होते आणि डोकं घराकडं. ऊन वर आलं, मंडळी आली, टाळ्या झाल्या. जेवताना हेडमास्तरांनी निसर्गावर थोडं भाषण केलं आणि आमरस तीनदा मागितला. जेवण उरकत आलं तशी पदराखाली माझी चोळी ओली व्हायला लागली. ज्या बायकांनी पाजलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. तिकडं पोर रडत असणार.

मी ह्यांना बाजूला बोलावलं. "मला पहिल्या खेपेला जाऊ द्या. पोर उपाशी असंल."

हे हेडमास्तरांकडं गेले. मी लांबून बघत होते. हेडमास्तरांनी मिशी पुसली आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "वहिनी, चालून आलेल्यांना आधी. आज तुम्ही बसलात की उद्या दुसरी म्हणंल. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी आधीच बांधलेली होती.

"अहो."

"येतो की गं टेंपो लगेच. कामून चिडायलीस?"

टेंपोवाला चाचा म्हणाला, "अम्मा, तुम फिकर नको करो. ऐसा गया, ऐसा आया." आणि सगळे वीर, काठ्या आभाळाकडं करून, माझ्या पोरीच्या वाटेवरून वर गेले. कुणीतरी गाणंही म्हणत होतं.

आम्ही भांडी घासली. राखेनं, मग मातीनं, मग उगाच पुन्हा राखेनं. टेंपो येईना. सावली झाडाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेली. हेडमास्तरांची बायको आमच्यात सगळ्यात मोठी, कानडी माहेरची, अंगानं भारी. सगळ्या तिला अक्का म्हणायचो. अक्का कधी नवऱ्याविषयी शब्द बोलत नसे. ती माझ्याकडं एकटक बघत होती, माझ्या पदराकडं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"चल गं. टेंपोची वाट बघत बसलो तर इथंच संक्रांत करावी लागंल."

"अक्का, तुम्हाला चढ झेपंल का?"

"झेपलं न्हाई तर ढकल मला. रस तीन वाट्या पिलेल्या माणसाला जन्मभर ढकलायलेय मी."

भांडी सोडून जाता आली असती. मला अजून स्वतःचं हसू येतं आणि तेवढाच रागही, की आमच्यापैकी एकीलाही ते सुचलं नाही. पातेलं कुणाचं, परात कुणाची, हरवलं तर घरी काय सांगणार! पदराची चुंबळ केली, भांडी डोक्यावर घेतली आणि निघालो. मी, मेंढपाळाची लेक, सगळ्यांच्या पुढं. कढई डोक्यावर, हातात काठीऐवजी मोठा उलथना. लाल मुरमाची वाट, पायाखाली खडे सुटायचे, वाऱ्याची झुळूक नाही. मागून अक्काचा धापा टाकत कानडीत काहीतरी मंत्रासारखा जप चालला होता. मला थोडं कानडी येतं. तो मंत्र नव्हता.

क्लब स्थापन झाल्यापासून तो चढ पायी चढलेली पहिली मंडळी आम्ही. त्या वेळी हे डोक्यात आलं नाही. डोक्यावर कढई होती आणि डोक्यात पोरीचं रडणं.

वर गावात शिरलो तेव्हा ऊन कलायला लागलेलं. घराच्या वाटेवर एक फोटो स्टुडिओ होता, समोर मोकळं अंगण. अंगणाच्या कडेला आमचा टेंपो उभा. चाचा पायरीवर बसून विडी ओढत होता. आम्हाला बघितलं आणि विडी पडली हातातून. "अम्मा, मैं क्या करूं? साब लोगां बोले, रुको, फोटू के बाद जाना है. फोटूवाला गया था खाना खाने को."

अंगणात क्लबाचा फोटो चालला होता. दोन रांगा, पुढची खुर्च्यांवर, मागची उभी. काठ्या हातात. मध्ये हेडमास्तर, टोपी मांडीवर, शेजारच्या खुर्चीवर आमचे हे. फोटोवाला काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून ओरडत होता, "कुणी हलायचं नाही! एकदम स्तब्ध!" टेंपो तसाच ठेवला होता, कारण फोटोनंतर सगळ्यांना रस प्यायला जायचं होतं. उसाचा. सकाळचा आंब्याचा पुरला नव्हता.

मी थांबले नाही. थांबून भांडावं असं मनात आलं, पण चोळी भिजून पाणी झाली होती. मागं अक्का मात्र थांबली. तिनं डोक्यावरची परात खाली घेतली, मी पुढं निघायच्या आत माझ्या हातातला उलथना ओढून घेतला आणि परातीवर असा वाजवला की समोरच्या पिंपळावरची पाखरं उठली.

"टाळ्या वाजवा की रे!" अक्का ओरडली. "चालून आलो आम्ही! टाळ्या वाजवा!"

पुढचं मी पाहिलं नाही, मी घराकडं पळत होते. नंतर कळलं, कुणीच जागचं हललं नाही. फोटोवाल्यानं हलू नका म्हटलं होतं.

घरी आत्याबाई ओट्यावर पोरीला घेऊन फेऱ्या मारत होत्या. साखरेच्या पाण्याची वाटी तशीच भरलेली. पोरीचा आवाज बसला होता. रडण्याचं नुसतं तोंड होत होतं, आवाज नाही. मी कढईसकट उंबऱ्यात बसले आणि तिला घेतलं. आत्याबाईंनी माझ्या डोक्यावरची कढई उतरवली. एरवी शंभर बोलायच्या, त्या दिवशी त्यांनी मला पाणी दिलं आणि पुन्हा बाहेर ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या, लेकाची वाट बघत. ह्यांना त्यांनी काय सांगितलं ते मी पोरीला पाजताना आतून ऐकलं. इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या सहलीला आम्ही गेलो. हो, गेलो. जेवणं झाली, आणि कुणी काही न बोलता सगळ्या बायका टेंपोत जाऊन बसल्या. अक्का चाचाला म्हणाली, "चला, चाचा." पुरुषांना तेव्हा पहिल्यांदा तो चढ चालावा लागला. त्यानंतर क्लबाची सहल निघाली नाही. कुणाचा गुडघा दुखायला लागला, कुणाची बदली झाली, हेडमास्तरांना अचानक बागेचा नाद लागला.

तो फोटो मात्र आमच्या बैठकीत अजून आहे. ह्यांनीच टांगलाय. सगळे चेहरे कसे लख्ख, डोळे समोर. आमच्या ह्यांचा तेवढा पुसल्यासारखा. परवा लग्नाहून आलो तर लेक, आता स्वतः कॉलेजात जाते, फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "आई, बाबांचंच तोंड कामून असं हललंय?"

हे आतून लगेच म्हणाले, "कारण मीच एकटा वळलो होतो, बेटा. तुझ्या आईकडं. विचार तिला."

खरं आहे ते. इतक्या माणसांत एकट्यानं मान वळवली. हे मला ते दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी मी थोडी विरघळायच्या बेतात येते. मग मी पुन्हा फोटोजवळ जाते आणि खाली बघते. तोंड हललंय, पण बूट बघा. दोन्ही बूट जिथल्या तिथं, नाड्या बांधलेल्या, एकदम स्वच्छ आलेत.