घसरलेली वेलांटी

तळवड्याला आमचं ऑफिस होतं. खाली लेथची छोटी युनिटं, वरच्या मजल्यावर आम्ही. गेम बनवायला म्हणून मी तिथं लागले आणि सुरुवातीला मोबाइलवर गाड्या पळवायचे, फळं फोडायचे गेम बनवलेही. ते कुणी खेळलं नाही. मग आमच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, धंदा वळवला. कारखान्यांसाठी ट्रेनिंगचे गेम. कामगारानं डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, समोर पत्रा दाबून कापणारी खोटी प्रेस दिसते, सूचना वाचायची, तसं करायचं. चुकलं तर खोट्या प्रेसमध्ये खोटा हात सापडतो. खरा वाचावा म्हणून हा सगळा खटाटोप.

चाकणच्या एका कंपनीचं काम आलं. तिथल्या सेफ्टी मॅडमनी सूचना स्वतः मराठीत लिहून पाठवल्या होत्या, साध्या आणि स्पष्ट. पडद्यावरचा मजकूर बसवणं माझ्याकडं. मी पहिली ओळ टाकली, ‘मशिन बंद आहे का पाहा’, आणि हेडसेट लावून बघितलं, तर समोर ‘मशनि’. पुढच्या ओळीत ‘स्विच’चं ‘स्‌वचि’ झालेलं. आमच्या गेम इंजिनला, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम चालतो त्याला, अक्षरं टाइप केली त्या क्रमानं एकापुढं एक मांडता यायची, बस. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची असते, जोडाक्षर जोडायचं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी हेडसेट डोक्याला लावल्यासारखा केला आणि काढला.

“अगं, कळतंय की. आणि तसंही कुठं वाचत बसणारेत? शॉपफ्लोअरवरची माणसं आहेत ती.”

माझे वडील शॉपफ्लोअरवरचंच माणूस. बीडहून आले आणि भोसरीत प्रेसवर उभं राहून निवृत्त झाले. घरी आले की पेपर पहिल्या पानापासून मागच्या छोट्या जाहिरातींपर्यंत वाचून काढायचे, अजूनही काढतात. कारखान्यातल्या पाट्या मात्र सगळ्या इंग्रजीत. लाल म्हणजे धोका, पिवळी म्हणजे जपून, एवढ्यावर त्यांनी नोकरी काढली. वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे. त्यांना वाचता येईल असं तिथं कुणी लिहिलंच नव्हतं. हे मी सरांना सांगितलं नाही. दात आवळून जागेवर जाऊन बसले.

दुरुस्ती करता येत नव्हती असं अजिबात नाही. माझ्या शेजारी बसणारा सहकारी म्हणाला, दुसरं एक इंजिन आहे, फुकट आहे, मराठी पहिल्या दिवसापासून नीट दाखवतं. सर म्हणाले, केलेलं सगळं काय फेकून द्यायचं? मी म्हटलं, मग मी सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक भाग लिहिते. अक्षरं जुळवून देणारी तयार कोडची लायब्ररी मिळते, ती आपल्या इंजिनला जोडू. सर म्हणाले, “आपलं सगळं सी-शार्पमध्ये आहे. उद्या तू गेलीस तर तुझं सी प्लस प्लस कोण निस्तरणार?” कोणती भाषा वेगवान, कोणत्या भाषेची मुलं स्वस्तात मिळतात, यावर मीटिंगा झाल्या. हेडसेट घालणाऱ्याची भाषा कोणती, हा विषय एकाही मीटिंगला निघाला नाही.

शेवटी मी प्रत्येक सूचनेचं चित्र बनवलं आणि अक्षरांच्या जागी चित्रं चिकटवली. चाकणहून सूचना बदलून आल्या की चित्रं पुन्हा बनवायची. हमाली होती, पण मराठी मराठीसारखी दिसत होती. आणि चाचणीच्या दिवशी सरांनी हेडसेटवर जुनंच व्हर्जन टाकून नेलं. चित्रांमुळं नवं जड होतं, अडकत चालतं, म्हणून. मला विचारलंही नाही.

चाकणच्या कारखान्यात, प्रेस शॉपच्या कोपऱ्यात टेबल मांडलं होतं. पहिला ऑपरेटर चाकणजवळच्याच गावचा, चाळिशीचा, कानाला मफलर. आम्हाला दिसावं म्हणून त्याला दिसणारं सगळं शेजारच्या स्क्रीनवरही चालू होतं. तो मोठ्यानं वाचायला लागला.

“मश... मशनि? शनि लागलाय का काय मशिनला?”

सगळे हसले. तोही हसला. पुढची सूचना आली.

“स्व... स्वची... म्याडम, हे कुठल्या भाषेत हाय?”

प्रत्येक सूचनेला वेळ बांधलेली होती. तो अक्षरं लावत असतानाच ती संपली, खोट्या प्रेसनं खोटा हात धरला आणि स्क्रीन लाल झाला. त्यानं हेडसेट काढला. आता तो हसत नव्हता.

“म्हंजी मला काम येत न्हाई, असं झालं का?”

“नाही हो दादा, चूक आमची आहे,” मी म्हटलं.

“होतं, होतं,” सर मध्येच म्हणाले, “पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं.” आणि पुढच्या माणसाला हात केला. मग एकामागून एक लोक येत गेले आणि लाल होत गेले.

परत येताना चाकणच्या चौकात आमची गाडी दोन कंटेनरच्या मध्ये अडकली. सर खुशीत होते. मोबाइलवर रिपोर्ट उघडून त्यांनी माझ्यापुढं धरला.

“बघ, किती लाल! ट्रेनिंगची गरज सिद्धच झाली की. आता त्यांचे बाकीचे प्लांटपण आपल्याकडं येतात बघ.”

“सर, ती माणसं नापास नाहीत झाली. आपण नापास झालोय.”

“इमोशनल होऊ नकोस. क्लायंटला डेटा लागतो.”

“हा डेटा नाही, खोटं आहे! त्या माणसाच्या नावापुढं कंपनीत लागणार आहे की त्याला प्रेस चालवता येत नाही. तुमच्या नावापुढं काय लागणार आहे?” माझा आवाज इतका चढला की शेजारच्या रिक्षातली बाई वाकून बघायला लागली. सर म्हणाले, जरा हळू बोल. मी दार उघडलं आणि खाली उतरले. धुरातून, खड्ड्यांतून बस स्टॉपपर्यंत चालत गेले. भोसरीपर्यंत बसमध्ये उभी होते आणि मनातल्या मनात भांडत होते.

घरी पोचल्यावर सेफ्टी मॅडमना फोन करून सरळ सांगितलं, हे निकाल चुकीचे आहेत, दोष सॉफ्टवेअरचा आहे. त्या म्हणाल्या, “हे मेलवर द्याल?” मी दिलं.

ऑफिसात जे व्हायचं ते झालं. सरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, तू पगार कुणाचा घेतेस? मीही सगळ्यांसमोर सांगितलं, कामाचा घेते आणि काम तुम्ही करू देत नाही. पण तोवर चाकणहून मेल आला होता: निकाल रद्द, मराठी नीट दिसेपर्यंत पुढची चाचणी नाही. म्हणून, फक्त म्हणून, मला सी प्लस प्लसची परवानगी मिळाली.

ते काम सोपं नव्हतं. कॉम्प्युटरवर चालणारं हेडसेटवर बंद पडायचं. एकदा सगळी जोडाक्षरं नीट आली आणि अनुस्वार गायब. चिडून मी कीबोर्ड आपटला, सहकाऱ्यानं मुकाट्यानं चहा आणून ठेवला. पण एका दुपारी हेडसेटमध्ये ‘स्विच’ हा शब्द जसा हवा तसा उभा राहिला आणि मी एकटीच मोठ्यानं हसले.

दुसऱ्या चाचणीला तो मफलरवाला ऑपरेटर आला. न अडखळता वाचत गेला, सगळं बरोबर केलं, हेडसेट टेबलावर ठेवला आणि शिफ्टवर निघून गेला. माझ्याकडं बघितलंही नाही. का बघावं?

सरांनी कंपनीच्या पानावर लिहिलं, भारतीय भाषांसाठी आमचं स्वतःचं तंत्रज्ञान. खाली टाळ्यांची चित्रं. मला मात्र त्या कामावरून काढून एका इंग्रजी ॲपची बटणं रंगवायला बसवलं. मी राजीनामा दिला. आता हिंजवडीला जाते, कॅबमध्ये अर्धं आयुष्य जातं.

मध्यंतरी जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. इंजिनचं नवं व्हर्जन घेतलं, माझा भाग त्यावर चालेना. सर म्हणाले होते, मराठी काढून टाक, इंग्रजीवर भागतं. मी त्याला खूप बोलले. त्याची काही चूक नसताना बोलले. मग म्हटलं, पाठव कोड. सुट्टीचा अख्खा दिवस शिव्या देत बसून तो कोड दुरुस्त केला आणि परत पाठवला. त्यानं तो गुपचूप बसवला. चाकणला मराठी चालू आहे. ती कुणी दुरुस्त केली, हे सरांनी अजून विचारलेलं नाही.