मधल्या खोलीचा सल्ला

"खोली मधली घ्या, खालच्या मजल्यावरची. बसच्या मागच्या बाकावरच जास्त आदळतं, बोटीच्याही दोन्ही टोकांना तसंच." समुद्रसफरीची तिकिटं काढून देणारा आमचा एजंट हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. औषधं आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा खोलीत उशिरा येतात, हेही सांगायचा. "मी सात सफरी केल्यात," हे मात्र कुणी न विचारताच.

त्या वर्षी गिऱ्हाइकांनी फारच गळ घातली, म्हणून त्याला सोबत निघावं लागलं. मधल्या खोल्या त्याने इमानाने लोकांना दिल्या आणि पुढच्या टोकाची स्वतःला ठेवली. बोट खोल पाण्यात शिरली आणि जेवणघराच्या दारातच, सगळ्यांदेखत, तो भडाभडा ओकला.

गिऱ्हाइकांपैकी शिवणकाम करणाऱ्या मावशीने त्याला धरून कठड्याशी नेलं. "लांब नजर लावा, तुम्हीच शिकवलंत ना? सात सफरी करूनही पोटाला पटलं नाही का हो, भाऊ?"

त्याची मान वर होईना. "मावशी, ही पहिलीच. बाकी सगळं वाचून सांगत आलो."

"वाचून का होईना, सांगितलंत ते खरंच. मी बघा, ठणठणीत आहे."

ती रागावली असती तर त्याला सोसलं असतं. सकाळी बंदर लागताच त्याने सगळ्यांची कागदपत्रं तिच्या हाती दिली. "पुढचं तुम्ही सांभाळा. मला त्यांच्यासमोर बसवणार नाही."

पिशवी घेऊन तो शिडी उतरला आणि मागे न बघता चालू लागला. बाकीचे न्याहारीला बसले होते. कठड्याशी एकटी मावशी, तो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत बघत उभी होती.