एकाहून किंचित जास्त

कॉलेजात त्यांना सगळे 'आहेसर' म्हणत. समीकरणाला उत्तर आहे एवढं सिद्ध करायचं, ते काढून मात्र दाखवायचं नाही, असला त्यांचा धंदा. त्यातही साधी समीकरणं त्यांना पचत नसत. हवीत ती वेडीवाकडी, अर्ध्या वेळा विकलन करायला लावणारी! एखादी गोष्ट अर्ध्या वेळा कशी करतात, हे बायकोनं लग्न झाल्या झाल्या विचारलं होतं. "तुम्ही घर आवरता, तशी ना?" असं उत्तरही तिनंच देऊन टाकलं.

आज सर खुशीत होते. त्यांची एकुलती एक विद्यार्थिनी प्रबंध सादर करणार होती. मुदत आज संध्याकाळपर्यंत. ती चुकली की नोंदणी रद्द, आणि त्या नोंदणीच्या भरवशावर मिळालेली तिची शिकवण्याची नोकरीही गेली. दोघं बाइंडिंगच्या दुकानात बसले होते. सरांना रिकामं बसवेना, म्हणून ते एका प्रतीतलं शेवटचं उदाहरण वाचू लागले.

या शास्त्राची रीत अशी, की आधी पानंच्या पानं अटी, मग प्रमेय, आणि शेवटी एक गरीब उदाहरण आणून उभं करायचं. अटींच्या मापानं शिवलेलं असल्यामुळे ते उलटून बोलत नाही, आणि म्हणून त्याला कुणी तपासतही नाही.

उदाहरणात ०.९ हा आकडा होता. त्याला गॅमा नावाच्या सूत्रातल्या संख्येनं भागून येणारं उत्तर एकाहून लहान हवं, तरच समीकरणाला उत्तर आहे असं म्हणता येणार. भागलं की लहानच होणार, त्यात बघायचं काय? तरी सरांनी दुकानदाराचा कॅल्क्युलेटर ओढला. पाय म्हणजे ३.१४, त्याचं वर्गमूळ, त्याचं निम्मं. गॅमा आला ०.८८६, म्हणजे तोच एकाहून लहान. भागलं, तर १.०१६!

सरांनी पुन्हा भागलं. यंत्रानं मुळीच भीड ठेवली नाही.

"सर, काय झालं?"

"अगं, काही नाही. ०.९ च्या जागी ०.८ करू. एक पान बदललं की झालं."

तिनं कॅल्क्युलेटरकडे पाहिलं. म्हणाली, "उदाहरण वाचेल, सर. तुमच्या प्रमेयात तर भागाकारच नाही. आकडा एकाहून लहान असला की पुरे, असं लिहिलंय. आणि चारही प्रकरणं त्यावरच उभी आहेत."

"हो..."

"मी गेल्या वर्षी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, गॅमानं भागलं की लहानच होतं, कशाला डोकं शिणवतेस?"

सरांना ते चांगलं आठवलं. तेव्हा ते चहा पीत होते आणि फार प्रसन्न होते.

दुकानदारानं मध्येच विचारलं, "म्हणजे उत्तर नाहीच का, साहेब?"

"असेलही. पण आहे असं आम्हाला म्हणता येत नाही."

"मग वर सोनेरी अक्षरं मारू का नको?"

"नको, काका," ती म्हणाली.

सर घाईघाईनं म्हणाले, "मी ऑफिसात फोन करतो. तुला ताप आलाय, महिनाभर मुदत द्या म्हणतो. तापाला कोण नाही म्हणतंय!"

"फोन करा. पण मला ताप नाही. चूक कुणाची, ते सांगा."

सरांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. मग त्यांनी नंबर फिरवला, आणि पलीकडून "बोला" आलं. ती समोर उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

"प्रमेय माझं आहे," सर म्हणाले, "आणि ते चुकलंय."