पुरावा नाही, आजी

डॉ. जोएल गावीत सुईला घाबरतात, अशी तळोद्यात बोलवा आहे. सुई दिसली की त्यांना चक्कर येते म्हणे. साफ खोटं. आमची नि त्यांच्या दवाखान्याची भिंत एकच, आतलं सगळं मला ऐकू येतं. डॉक्टर सुई छान टोचतात. फक्त आधी पुरावा शोधतात.

त्यांचा आवाज मी हुबेहूब काढते. नाकातून, सावकाश, मध्येच चहाचा घोट. "साध्या तापाला... सलाईनची बाटली चढवून... फायदा झाल्याचा पुरावा नाही."

इथे बाटली न चढवणारा डॉक्टर म्हणजे डॉक्टरच नव्हे! डोंगरातून जीप भरून पेशंट येतात. एकाला बाटली नाकारली की अख्खी जीप समोरच्या दवाखान्यात. तिथे बाटली आधी, नाव नंतर.

"डॉक्टर, तुमची तरी सगळी औषधं संशोधनातली का?" मी एकदा विचारलं.

"नाही गं ममता. काही संशोधनातली, काही अनुभवातली. आल्याचा काढा तर माझ्या आईचा."

एवढं खरं बोलून दवाखाना चालतो होय!

होळीच्या आठवड्यात डोंगरातल्या काठी गावाकडची जीप आली. पुढे फुलीबाई, सर्दी-ताप घेऊन. दवाखान्यात तीन दिवस माशीसुद्धा आजारी पडून आली नव्हती. मी म्हटलं, "डॉक्टर, आज तुम्ही बाटली लावणार. पैज!"

"लाव. हरलीस तर माझ्या दारात माझी नक्कल करायची."

मी कोपऱ्यात सरकले, फुलीबाई आत आली. "डॉक्टर, बाटली लाव. होळीले नाचनं शे."

"आजी, जेवतेस ना? मग पाणी तोंडानं पी."

"तोंडानं तर मी घरी बी पेस! मग जीप कसाले करी?"

बाहेर नऊ जण कान लावून. डॉक्टरांनी मोबाईल उघडला, बहुधा सकाळपासून नवं संशोधन आलं असेल या आशेनं. आलं नव्हतं. जीपकडे पाहिलं, कपाटातल्या बाटल्यांकडे पाहिलं.

"पुरावा नाही, आजी." हातावर तापाच्या गोळ्या.

दहाच्या दहा जण रस्ता ओलांडून गेले.

होळीला फुलीबाई मनसोक्त नाचली. 'बाटलीनी ताकद,' असं सगळ्यांना सांगत. मी हे डॉक्टरांना ऐकवलं.

"एका फुलीबाईवरून काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "आणि तू पैज हरलीस."

म्हणून गेल्या बाजाराला जीप थांबताच मी त्यांच्या दारात उभी. नाकातून, सावकाश, "साध्या तापाला..." जीप पोट धरून हसली. तिघं चक्क आत गेले. फुलीबाईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हाई डॉक्टर बरी शे. तो आतला जरा शिकाऊ वाटस."