आठनंतर दहा

कुमुदताईंच्या कादंबरीत नववं प्रकरण नाही.

मुद्रकाला शिव्या देणाऱ्यांनी आज, ताईंच्या पहिल्या स्मृतिदिनी तरी, थांबावं.

मीही दिल्या होत्या. वय बावीस, संस्कृतचा एम. ए., म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचं लायसन्सच. मुलुंडहून पोस्टकार्ड धाडलं, "आठनंतर दहा कसं?"

उलटटपाली उत्तर आलं, "अंधेरीला या. येताना पंडितपणा घरी ठेवा."

गेलो. चहा मिळाला, आणि चहाबरोबर ही गोष्ट.

पन्नासच्या दशकात ताई पंचविशीच्या. अंधेरीहून वर्सोव्याला चालत जायच्या. कोळणी मासळी सुकवायच्या ती मोकळी जागा एका शेठला बंगल्यासाठी हवी होती. ताई बायकांच्या सभा घ्यायच्या, अर्ज लिहायच्या आणि उरलेल्या वेळात कादंबरी.

त्यांचा एक नियम होता. जिच्यावर लिहिलं, तिला आधी एकटीला वाचून दाखवायचं. मग सगळ्यांना.

बायका बोंबील वाळत घालता घालता ऐकायच्या.

"ए बाय, ही तुझी हिरॉईन सकाळपासून रडतेच हाय. मासळी कवा विकते?"

ताईंनी दोन पानं रडणं कापलं. मराठी साहित्यावर वर्सोव्याचे हे उपकार अजून कोणी नोंदवलेले नाहीत.

नवव्या प्रकरणात मात्र नियम मोडला.

मंकूबाई नावाच्या कोळणीने जागा सोडल्याच्या शेठच्या कागदावर अंगठा दिला होता. ताईंनी ते फितुरी म्हणून लिहिलं. नाव बदललं, आणि थेट सगळ्यांसमोर वाचलं.

नाव बदलून काय होतं? कोळीवाडा तो. तिसऱ्या ओळीला सगळ्यांच्या माना मंकूबाईकडे वळल्या.

ती उठली. टोपली डोक्यावर घेतली. गेली.

सभेला यायची बंद झाली. ताई रोज तिच्या दारात. दार उघडलं नाही.

पुढे शेठची माणसं कुंपणाचे खड्डे खणायला आली, तेव्हा पहिल्या खड्ड्यात जाऊन बसली ती मंकूबाई. तिच्यामागे बाकीच्या. जागा वाचली.

ताईंशी ती पुन्हा कधीच बोलली नाही.

ताईंनी प्रकरण काढून टाकलं. क्रमांक मात्र रिकामा ठेवला. मला म्हणाल्या, "ती जागा मंकूची. मी कोण भरणार?"

मागच्या महिन्यात ताईंच्या भाचीने त्या प्रकरणाची हस्तलिखित बारा पानं माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकाचा फोन, भाचीकडूनच कळलं असणार. "सर, नवी एडिशन! हरवलेलं प्रकरण! झकास ना?"

तेव्हापासून बारा पानं पिशवीत घेऊन फिरतोय. घरात ठेवली की चैन नाही, बाहेर नेली की त्याहून नाही. कॉलेजात कालिदास शिकवताना दोनदा श्लोक चुकलो. मुलं खूश.

छापावं तर मंकूबाईला पुन्हा चारचौघांत बसवायचं. न छापावं तर ताईंचं अक्षर कपाटात कुजवायचं.

आज सकाळी उठून वर्सोव्याला गेलो.

मंकूबाई केव्हाच गेल्या. त्यांची मुलगी हंसाबाई, सत्तरी ओलांडलेली, दारात सोडे निवडत होती. सगळं सांगितलं.

"वाच," म्हणाली. "मोठ्यानं."

वाचलं. तिचा हात थांबला नाही.

"झालं?"

"झालं."

"रेशनचा कागद हाय सांगून अंगठा घेतलेला माझ्या आयसचा. ते कुठंय यात?"

मी पानं उलटीपालटी केली. उगाच. मला माहीत होतं, नाही ते.

"मग अर्धाच हाय रं तुझा नववा."

"पण हंसाबाई, आईंनी हे ताईंना का नाही सांगितलं?"

आता हात थांबला.

"तुझी ताई रोज दारात यायची. मी आतूनच बघायची. माफ कर मंकू, माफ कर मंकू. का दिलास अंगठा, असं एकदा पण नाय विचारलं."

चहा आला. मी कप बाजूला ठेवला.

"मग... छापू?"

"आधी बस. मी सांगते, तू लिही. मंग मना वाचून दाखव. मंग बघू."

कुमुदताई, मी अजून तिच्याच ओट्यावर बसलोय. हंसाबाई चुलीवरचं बघायला आत गेल्यात, तेवढ्यात हे लिहितोय. प्रकाशकाला सांगितलंय, थांबा.

पंडितपणा घरी ठेवून आलोय.

तुमचा नियम यावेळी मोडणार नाही. आधी तिला, मग सगळ्यांना.

निजा आता स्वस्थ.